आरोपी गिअरबॉक्स

26 मार्च 1989. रिओ दि जानेरोच्या जाकारेपागुआ ट्रॅकवर ब्राझील ग्रांप्री सुरू व्हायची होती आणि नायजेल मॅन्सेलने परतीचं विमान लवकरचं काढून ठेवलं होतं. फेरारीकडून ही त्याची पहिलीच शर्यत. पण सरावात गाडी थोड्या फेऱ्या झाल्या की मान टाकायची, तेव्हा 61 फेऱ्या पुऱ्या होतील यावर खुद्द त्याचाच विश्वास नव्हता.

दोष कुणाचा, हे शोधायला कुणी लांब जात नव्हतं. या ‘फेरारी 640’ला गिअरचा दांडाच नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन पात्या होत्या. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत असलं काही आजवर उतरलं नव्हतं. घरात नवी सून आली की दूध नासलं तरी तिच्याच नावावर, तशी या गिअरबॉक्सची गत होती.

हे खूळ जॉन बर्नार्डचं. 1981 मध्ये मॅक्लॅरेनसाठी कार्बन फायबरचा सांगाडा करणारा हा इंग्रज, इटलीतल्या मारानेल्लोला जायला तयार नव्हता. म्हणून फेरारीने त्याच्यासाठी इंग्लंडमध्ये गिल्डफर्डला कचेरी थाटली. त्याला ड्रायव्हरची काळजी नव्हती असं नाही, पण त्याची खरी अडचण जागेची होती. गिअरच्या दांड्यापासून निघणारी सळई पार इंजिनाच्या मागे असलेल्या गिअरबॉक्सपर्यंत न्यायची. दांडा हलायला जागा, त्यावरच्या मुठीला जागा, कोपराला जागा. तेवढ्यासाठी गाडी रुंद करायची, आणि रुंद गाडी म्हणजे वाऱ्याला जास्त छाती. सळईच काढून टाकली तर? पातीकडून विजेचा इशारा जाईल, झडपा उघडतील, आणि तेलाच्या दाबाने क्लच सुटून गिअर पडेल. दाबाच्या जोरावर गिअर टाकण्याचा प्रयोग फेरारीने 1979 मध्ये बटणं लावून करून पाहिला होता. जिल व्हिलनव्हला तो रुचला नाही, त्याला आपला दांडाच बरा वाटला.

व्हिलनव्हचं चुकलं असं मला म्हणवत नाही. कारण दांड्याबरोबर जात होती ती नुसती सळई नव्हती, पायांची अख्खी विद्या होती. वळणाआधी गाडी खालच्या गिअरमध्ये आणायची तर इंजिनाचे फेरे आधी वाढवावे लागतात, नाहीतर मागची चाकं क्षणभर जाम होतात आणि गाडी गिरकी घेते. पण तेव्हाच ब्रेकही करकचून दाबलेला असतो. पाय दोन, पेडल तीन. मग उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाची कड किंवा टाच कलती करून रेस द्यायची, डाव्याने क्लच, उजव्या हाताने दांडा आणि उरलेल्या एका हाताने स्टिअरिंग. (घाट चढताना गिअर उतरवण्याआधी रेसचा झटका देणारा एसटीचा जुना ड्रायव्हर आठवा, तत्त्व तेच, फक्त त्याला त्याच पायाने ब्रेक सांभाळायचा नसे.) मोनाकोसारख्या गल्लीबोळाच्या शर्यतीत दांडा ओढून ओढून तळहाताला फोड यायचे.

ऑगस्ट 1988 मध्ये एन्झो फेरारी वारले. पाठीराखाच गेला. दांड्याची गाडी पर्याय म्हणून हाताशी असावी, असा मारानेल्लोतून दबाव होता. बर्नार्डने आपली नोकरी पणाला लावली, पण पाती सोडली नाही.

रिओला मॅन्सेल सहाव्या जागेवरून निघाला. त्याचा जोडीदार गेरहार्ड बर्गर पहिल्याच वळणावरच्या धडकेतून बाहेर पडला. मॅन्सेलची गाडी मात्र पळत राहिली. मध्येच स्टिअरिंगच ढिलं झालं, पिटमध्ये चाकांबरोबर तेही बदललं, पात्यांसकट. आणि तो आलाँ प्रॉस्टच्या आधी रेषा ओलांडून गेला! विमान अर्थातच चुकलं. वर करंडक उचलताना हात कापला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण इमोला, मोनाको, मेक्सिको अशा पुढच्या तिन्ही शर्यतींत मॅन्सेल अर्ध्यात थांबला, आणि तिन्हींच्या नोंदीत कारण एकच: गिअरबॉक्स. नव्या सुनेचे टीकाकार पुन्हा बोलू लागले. मग फिनिक्सला दोन्ही फेरारी बंद पडल्या आणि कारणापुढे लिहिलं गेलं: अल्टरनेटर.

खरा धागा तिथे होता. पाती, झडपा, सगळं विजेवर चालायचं. वीज आटली की गिअर पडणार कसा? आणि वीज आटत होती, कारण अल्टरनेटर फिरवणारा पट्टा निसटत होता. तो का निसटतो? व्ही12 इंजिनाचा क्रँकशाफ्ट लांबलचक, त्याला सहसा सात मुख्य बेअरिंगं देतात. घर्षण वाचवायला इथे चारच दिली होती. भरवेगात शाफ्ट लवायचा, त्याचं पुढचं टोक थरथरायचं आणि पट्टा उडवून द्यायचं. खोड इंजिनात होती. बदनाम गिअरबॉक्स झाला होता. त्या मोसमात फेरारीने हंगेरी आणि पोर्तुगालही जिंकलं.

बर्नार्डला जागा हवी होती, ती मिळाली. जास्तीचं मिळालं ते ड्रायव्हरच्या डाव्या पायाला. क्लचचं काम सुटल्यावर तो पाय रिकामा झाला, आणि कार्टिंगमध्ये डाव्या पायाने ब्रेक मारत वाढलेल्या मायकेल शूमाखरसारख्यांनी तो ब्रेकवर ठेवला. रेसवरून उचलून ब्रेकवर नेण्यात उजव्या पायाचा जाणारा तो निमिष वाचला. टाच-चवड्याचा खेळ शर्यतीतून हळूहळू उठला.

दांड्यानेही जाता जाता एकदा उट्टं काढलं. 1991 मध्ये साओ पावलोच्या इंटरलागोस ट्रॅकवर, आता विल्यम्समध्ये असलेल्या मॅन्सेलचा पातीवाला गिअरबॉक्स निकामी झाला. पुढे आयर्टन सेनाच्या दांड्याच्या मॅक्लॅरेनचेही गिअर एकेक करून गेले, उरला फक्त सहावा. त्याच एका गिअरवर, ओल्या ट्रॅकवर, गोळे आलेल्या हातांनी त्याने शर्यत जिंकली. उतरल्यावर त्याला करंडक उचलवत नव्हता.

पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर सेना नवी मॅक्लॅरेन घेऊन आला. तिच्या स्टिअरिंगमागे पात्या होत्या. ती शर्यत त्याला पुरी करता आली नाही.