निसर्गावरचा निबंध वर्गात वाचताना

५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन, जुलैच्या पहिल्या आठवड्यातील वनमहोत्सव आणि ऑक्टोबरच्या प्रारंभीचा वन्यजीव सप्ताह. प्राथमिक शाळांमध्ये निसर्गसंवर्धनावरील निबंध वर्गापुढे वाचून दाखवण्याचे हे जवळजवळ ठरलेले प्रसंग. पर्यावरण हा विषय शाळेत अनिवार्यपणे शिकवला जावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला होता. त्यानंतरच्या पिढ्यांनी वह्यांमध्ये असे निबंध विपुल लिहिले. ते ऐकण्याजोगे कसे व्हावेत, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. मूल उभे राहते, वही तोंडासमोर धरते, एका दमात सारे वाचून टाकते आणि टाळ्या पडण्याआधीच खाली बसते. काय ऐकले हे पहिल्या बाकावरच्या मुलाला सांगता येत नाही; पुष्कळदा काय वाचले हे वाचणाऱ्यालाही सांगता येत नाही.

अशा वेळी दोष आवाजाला दिला जातो आणि ‘मोठ्याने वाच’ एवढीच सूचना मिळते. वास्तविक अडचण बहुधा वाक्यात असते. ‘मानवाने आपल्या स्वार्थापोटी चालवलेल्या बेसुमार वृक्षतोडीमुळे पर्यावरणाचा समतोल ढासळत चालला आहे’ हे वाक्य तिसरी-चौथीतील मुलाच्या एका श्वासात मावत नाही. ते मध्येच कुठेतरी तुटते, आणि तुटते तेथे अर्थही तुटतो. शिवाय हे वाक्य त्या मुलाचे नसतेच. ते गाइडमधून, मोबाईलवरून किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या लेखणीतून आलेले असते. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या हिशेबाने दोन मिनिटांच्या वाचनाला सव्वाशेच्या आत शब्द पुरतात. पाठपोट दोन पाने भरून आणण्याचा आग्रह येथेच सोडून द्यायला हवा.

एक उदाहरण घेऊ. सत्तरीतील किंवा सांग्यातील एखाद्या मुलाने अळमींवर निबंध लिहिला आहे. पहिला मसुदा बहुतेक असा असेल : ‘अळमी ही निसर्गाची अमूल्य देणगी असून तिचे संवर्धन करणे हे आपणा सर्वांचे आद्य कर्तव्य आहे.’ शिक्षकाने वही मिटून ठेवावी आणि नुसते विचारावे, ‘तू अळमी कुठे पाहिलीस? कोण आणतो?’ मग मूल बोलू लागते : ‘पाऊस सुरू झाला की आजोबा पहाटे रानात जातात. रोयणीवर अळमी उगवलेली असतात. आजोबा सगळी काढत नाहीत. थोडी ठेवतात. रोयण कधी खणत नाहीत.’ हीच वाक्ये कागदावर उतरवून घ्यावीत. प्रत्येक वाक्य एका श्वासात बसते, कोणता शब्द ठासून म्हणायचा हे मुलाला सांगावे लागत नाही, आणि त्यात संवर्धन हा शब्द नसला तरी संवर्धन आहे.

येथे शिक्षकाला एक भर घालता येते. रोयण का खणू नये, याचे कारण. वाळवी वारुळाच्या पोटात ही बुरशी अक्षरशः शेतासारखी जोपासते. वर दिसणारी अळमी हे त्या बुरशीचे फळ. वारूळच फोडले तर पुढच्या पावसात तेथे काही उगवण्याची आशा उरत नाही. एवढे कळल्यावर ‘रोयण खणत नाहीत’ या वाक्यानंतर मूल स्वतःच थांबते, कारण पुढे सांगण्यासारखे काही तरी त्याच्यापाशी असते. विराम शिकवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. एरवी पेन्सिलीने वाक्यात तिरप्या रेघा ओढून थांबे दाखवावेत. स्वल्पविरामाला एक, पूर्णविरामाला दोन.

अळमींच्या जागी खाजनातील मानस, मोरजी वा गालजीबागच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवे किंवा चवथीच्या माटोळीला बांधायची रानफळे असू शकतात. विषय पाहिलेला असावा, इतकेच.

आता ‘रोयण’ या शब्दाविषयी. गोव्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतील अनेक मुले घरी कोकणी बोलतात. वाचताना तोंडातून ‘रोयण’ निघाले की ‘रोयण नव्हे, वारूळ!’ अशी दुरुस्ती तत्काळ होते, वर्ग हसतो आणि मूल वाक्य हरवून बसते. असे दोनदा झाले की ते तिसऱ्यांदा हात वर करत नाही. हे नुकसान व्याकरणाच्या कोणत्याही चुकीपेक्षा मोठे आहे. आणि चूक तरी कुठे आहे? वस्तूचे त्या परिसरातील नाव तेच आहे. ‘वारुळाला आमच्याकडे रोयण म्हणतात’ हे एक वाक्य निबंधात घातले की दोन्ही शब्द मुलाच्या पदरी पडतात. चुका जरूर दाखवाव्यात, पण वाचन संपल्यावर, एका वेळी एकच, आणि शक्यतो मुलाच्या बाकाजवळ जाऊन.

काही शब्द मात्र आधी घोटून घ्यावे लागतात. संवर्धन, संरक्षण, संशोधन यांतील अनुस्वाराचा उच्चार ‘न्’ किंवा ‘म्’ असा होत नाही. तो नाकातून येणाऱ्या ‘व्’सारखा होतो. अक्षर अक्षर सुटे करून वाचणारे मूल नेमके तेथे अडखळते. ‘ऱ्हास’ हा तसाच एक शब्द. त्याच्या जागी ‘नाश’ लिहिल्याने निबंधाचे काही बिघडत नाही. लिहिताना ‘झाडे’ आणि बोलताना ‘झाडं’ हा भेद मराठीला नवा नाही. मुलाने ‘झाडं’ वाचले तर ते कानाला अधिक जवळचे वाटते. त्याबद्दल गुण कापण्याचे कारण नाही.

तालीम जोडीने करावी. एकाने वाचावे, दुसऱ्याने वर्गाच्या शेवटच्या भिंतीपाशी उभे राहून ऐकू न आल्यास फक्त हात वर करावा. जून-जुलैमध्ये पत्र्यावर वा कौलांवर पावसाचा ताशा सुरू असतो. त्यात ओरडून घसा बसतो, ऐकू तरीही येत नाही. सर थोडी ओसरेपर्यंत थांबणे हाच उपाय. वही छातीच्या उंचीवर धरावी, तोंड झाकले जाऊ नये. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ असावे, म्हणजे निदान त्या दोन वेळी तरी नजर वर येते. फारच लाजणाऱ्या मुलाला स्वतःच्या बाकावरून किंवा मित्रासोबत आळीपाळीने वाचू द्यावे. फळ्याजवळ उभे राहिलेच पाहिजे असा काही दंडक नाही. पालकांनी घरी एकदा ऐकावे, पण वाक्ये ‘सुधारून’ देऊ नयेत. सुधारलेली वाक्ये लगेच ओळखू येतात.

ऐकणाऱ्या मुलांनाही काम हवे, नाहीतर पाचव्या निबंधापर्यंत वर्गाचे लक्ष खिडकीबाहेर गेलेले असते. प्रत्येक वाचनानंतर वर्गाने एकच प्रश्न विचारावा, आणि तो ऐकलेल्या मजकुरातून निघालेला असावा. ‘आजोबा थोडी अळमी ठेवतात, मग ती दुसरा कोणी नेत नाही का?’ या प्रश्नाचे उत्तर वाचणाऱ्यापाशी नसेलही. ते त्याने घरी जाऊन विचारावे आणि दुसऱ्या दिवशी निबंधाखाली लिहून आणावे. परिपाठाच्या वेळी ती चार ओळींची पुरवणी वाचायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.