घरी शेवटचे पैसे कधी पाठवले?

व्यसनमुक्ती समुपदेशक असूनही दारू किती पिता, हे मी पहिल्या भेटीत विचारत नाही. समोरचा माणूस दुबईतल्या अल कूझ किंवा सोनापूरच्या कामगार कॅम्पातून आलेला असतो. बहुतेकदा रूममधल्या कुणीतरी दंडाला धरून आणलेला. आकडा तो निम्मा करूनच सांगणार. म्हणून मी विचारते, "दादा, घरी शेवटचे पैसे कधी पाठवले?"

या प्रश्नावर माणूस गप्प होतो किंवा बोलू लागतो. खोटं सहसा बोलत नाही. खेड, चिपळूण, श्रीवर्धन नाहीतर चंदगडकडचा माणूस त्या महिन्याच्या रकमेसाठीच इथे आलेला असतो. व्यसन वाढतं तशी आधी ती रक्कम घटते. मग एखादा महिना चुकतो. मग "कंपनीने पगार अडकवलाय" असा फोन गावी जातो. कधीकधी पगार खरंच अडकलेला असतो, म्हणून तेही नीट विचारावं लागतं. २००९पासून अमिरातीत कामगारांचा पगार सरकारची नजर असलेल्या व्यवस्थेतून जमा करावा लागतो, त्यामुळे फोनवर त्याचा मेसेज असतो. मी तो मागत नाही. बरेच जण आपणहून फोन पुढे करतात, आणि पगार कधी आला, कधी संपला, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. दारू वाईट, हे मी पटवायला गेले की तो दारूची बाजू घेऊन बोलतो. मी थांबले की मुलीची फी, बहिणीचं लग्न, अर्धवट राहिलेलं घर असे विषय त्याच्याच तोंडून निघतात. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी मांडलेल्या मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा गाभा हाच आहे: बदलाची कारणं समुपदेशकाने पुरवायची नाहीत, ती माणसाकडून यायला हवीत.

त्यानंतरचा प्रश्न त्याचा असतो. "मॅडम, कंपनीला कळेल का? व्हिसा कॅन्सल होईल का?"

पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात हा प्रश्न कुणी विचारत नाही. इथे त्याचं खरं उत्तर दिल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही, आणि धीर द्यायचा म्हणून खोटं सांगणं मला अक्षम्य वाटतं. दारूचं एक, ड्रग्जचं वेगळं. शारजात दारूबंदी आहे. दुबईत परवान्याच्या ठिकाणी बिगरमुस्लिम प्रौढाला ती मिळते, पण रस्त्यावर झिंगून सापडणं गुन्हा आहे. ड्रग्जच्या बाबतीत १९९५च्या कायद्याने नुसत्या सेवनालाही किमान चार वर्षांची कैद होती. २०१६मध्ये ती दोन वर्षांवर आली. २ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने पहिल्या वेळी सापडलेल्याची किमान शिक्षा तीन महिन्यांवर आणली किंवा दंडाची वाट ठेवली, आणि परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याची सक्ती त्या वेळी सैल केली. जो स्वतःहून उपचाराला येतो, किंवा ज्याच्या वतीने जोडीदार वा जवळचा नातेवाईक विनंती करतो, त्याच्यावर खटला भरला जात नाही. पण पोलिसांनी धरल्यावर "मी उपचारालाच निघालो होतो" हे चालत नाही. हे सगळं मी सोप्या मराठीत सांगते. काय गुप्त राहील आणि जिवाला धोका असेल तर काय राहणार नाही, तेही सांगते. मग "मॅडम"ची "ताई" होते आणि खरा आकडा बाहेर येतो.

या कामात येऊ पाहणाऱ्या मुली पुण्यामुंबईहून वाट विचारतात. पहिला टप्पा कागदांचा. मानसशास्त्राची पदवी राज्य सरकार, दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीची वकिलात आणि शेवटी इथलं परराष्ट्र मंत्रालय अशा शिक्क्यांतून जाते. डेटाफ्लो नावाची कंपनी थेट विद्यापीठाकडून ती पडताळून घेते. मग दुबईत आरोग्यसेवेच्या बाजूने दुबई हेल्थ अथॉरिटीचा परवाना, समाजसेवेच्या बाजूने कम्युनिटी डेव्हलपमेंट अथॉरिटीचा. अबुधाबीत डिपार्टमेंट ऑफ हेल्थचा. कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्यसनोपचार अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण आणि त्यावरची आयकॅप परीक्षा केली तर उपयोग होतो. अबुधाबीत २००२पासून राष्ट्रीय पुनर्वसन केंद्र आहे, दुबईत इरादा केंद्र. पण कॅम्पातला माणूस अशा मोठ्या दारापर्यंत क्वचितच स्वतः पोचतो.

या शिक्क्यांच्या वाटेत एक माणूस बाहेर राहतो, आणि त्याची मला फार चुटपुट लागते. २९ ऑगस्ट १९८६ला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेलेच कितीतरी जण पुढे समुपदेशक झाले. पस्तीस दिवसांच्या मुक्कामात नवा आलेला माणूस ज्याच्याकडे सगळ्यात आधी बघतो, तो हाच: कालपर्यंत माझ्यासारखाच होता आणि आज उभा आहे. अमिरातीत दहा वर्षं कोरडा राहिलेला एखादा वेल्डर परवान्याच्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. परवाना हवाच, अर्धवट ज्ञानाने जीव जातात. पण परवानाधारक माणसाच्या शेजारी त्या वेल्डरलाही खुर्ची हवी, असं माझं ठाम मत आहे. सध्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा ती जागा थोडीफार भरून काढतात.

आणि मुक्तांगणच्या पद्धतीत घर गृहीत धरलेलं असतं. बायको येते, आई येते, बायकांचा 'सहचरी' गट असतो. इथे घर म्हणजे सहा-आठ जणांची रूम, एकावर एक पलंग, पाळीपाळीने चालणारी मेस. बायको बोटिम अ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून इथे कॉल लागत नाही. पडद्यावर ती नवऱ्याचा चेहरा बघते, पण वास तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मी रूममध्ये घर शोधते. कोण याच्याआधी उठतो? कोण ताट झाकून ठेवतो? रूममधल्या पिणाऱ्यांपासून याचा पलंग किती लांब आहे? पेशंटच्या परवानगीने त्या ताट झाकणाऱ्याला बोलावते आणि बायकोला जे समजावलं असतं ते त्याला समजावते: पैसे हातात देऊ नका, पाळत ठेवू नका, प्यायलेला असताना वाद घालू नका. एकदा एका केरळी सुताराने एका मराठी फिटरसाठी आपली शिफ्ट बदलून घेतली होती, संध्याकाळी तो एकटा राहू नये म्हणून.

या रूम पार्टनरला आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, ती जिवाची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर काही तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊन माणूस दगावू शकतो. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं, पण बाकीचे तासही भाजणारेच. घाम आणि थरथर "ऊन लागलं" म्हणून सोडून दिली जाते. तेव्हा "मी माझ्या जिद्दीवर उद्यापासून बंद" असं कुणी म्हणालं तर मी टाळ्या वाजवत नाही. आधी डॉक्टर, थायामिनची इंजेक्शनं, देखरेखीखाली औषधं, मग समुपदेशन.

सगळ्यात कठीण काळ येतो तो मात्र सुट्टीचा. वर्षा-दोन वर्षांनी तिकीट निघतं आणि कोरडा राहिलेला माणूस विमानतळावर ड्युटी फ्रीसमोर उभा राहतो. भारतात दोन लिटर दारू नेता येते, आणि गावाकडच्या मित्रांची मागणी आधीच फोनवर आलेली असते. नाही म्हटलं तर "दुबईला जाऊन मोठा झाला". म्हणून तिकीट निघालं की आम्ही कागद घेऊन बसतो. विमानतळावर सोडायला कोण, मुंबईत घ्यायला कोण, मित्रांसाठी बाटलीऐवजी काय न्यायचं, पाठपुराव्याची सभा गावाजवळ कुठे भरते. घसरलाच तर पहिला फोन कुणाला, तो नंबर बायकोकडेही. आणि परतताना गावच्या डॉक्टरने झोपेसाठी दिलेल्या क्लोनाझेपाम किंवा डायझेपामच्या गोळ्या सरकारी परवानगीशिवाय बॅगेत ठेवायच्या नाहीत. उपचाराचं औषध घेऊन आलेला माणूस त्या गोळ्यांपायी विमानतळावरच अडकू शकतो. ही ओळ मी कागदावर सर्वांत वर, लाल पेनाने लिहिते, आणि त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते.