शस्त्रक्रियेनंतरचा पाय

ट्रकच्या चाकाखाली किंवा रेल्वेच्या रुळांवर नडगी चिरडलेला माणूस अपघात विभागात आणला जातो, तेव्हा नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पाय वाचेल ना? डॉक्टरांच्या अभ्यासातही बराच काळ याच प्रश्नाला मानाचे पान होते. १९९० साली अमेरिकेत एक गुणपद्धती मांडली गेली. हाडामांसाची इजा किती, रक्तपुरवठा कितपत शाबूत, रुग्ण किती शॉकमध्ये आहे आणि त्याचे वय काय, या चार गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज सात किंवा त्याहून जास्त झाली तर पाय काढण्याकडे कल ठेवायचा. आकडा हाती असला की निर्णयाचे ओझे हलके होते, म्हणून ती पद्धत जगभर पसरली. गेल्या पाव शतकातले संशोधन सलग वाचले, की मात्र ध्यानात येते की त्या रात्रीचा निर्णय रुग्णाच्या पुढल्या आयुष्याचा एक तुकडाच ठरवतो. बाकीचे पुढल्या महिन्यांत ठरते: व्यायामाच्या खोलीत, घरात, कामाच्या ठिकाणी. आणि नेमके तेच महिने आपल्या आरोग्यव्यवस्थेत बेवारस पडलेले आहेत.

या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा ‘लीप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात सापडतो. मायकेल बॉस, एलेन मॅकेंझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आठ मोठ्या ट्रॉमा केंद्रांतल्या, पायाला भीषण इजा झालेल्या ५६९ रुग्णांचा पाठपुरावा केला. काहींचा पाय काढावा लागला होता, बाकीच्यांचा हाडे जुळवून, मांस-कातडी बसवून वाचवला होता. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. रोजच्या जगण्यातल्या अडचणी मोजणारी एक प्रश्नावली त्यात वापरली होती. गुण जास्त म्हणजे अपंगत्व जास्त. दोन वर्षांनंतर पाय गमावलेल्यांचे सरासरी गुण १२.६ आणि पाय वाचलेल्यांचे ११.८ भरले, म्हणजे जवळजवळ बरोबरीच. कामावर परतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५३ आणि ४९.४ टक्के. गुंतागुंतीमुळे पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागण्याचे प्रमाण मात्र पाय वाचवलेल्यांत ४७.६ टक्के आणि पाय काढलेल्यांत ३३.९ टक्के होते. सात वर्षांनी पुन्हा पाहिले, तर सुमारे निम्म्या रुग्णांचे अपंगत्व तीव्र पातळीवर होते, पाय काढलेला असो वा वाचवलेला. याच अभ्यासात गुणपद्धतीही तपासल्या गेल्या. गुण कमी असतील तर पाय वाचण्याची आशा धरता येते. गुण जास्त म्हणून पाय काढलाच पाहिजे, असे मात्र ठरत नाही. तळव्याला स्पर्श कळत नसेल तर पाय वाचवून उपयोग नाही, हा जुना दंडकही मोडला, कारण संवेदना नसतानाही वाचवलेल्या पायांपैकी निम्म्याहून अधिक पायांत दोन वर्षांत ती नीट परत आली होती.

मग कोणाचे बरे चालले आणि कोणाचे नाही, हे कशावरून ठरले? गुंतागुंतीमुळे पुन्हा भरती व्हावे लागणे हे एक कारण होते. पण त्याच्या जोडीला जी यादी आली, ती वाचून शल्यचिकित्सकालाही थबकावे लागते: कमी शिक्षण, गरिबी, खासगी आरोग्य विमा नसणे, धूम्रपान, आधार देणारी माणसे नसणे, आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास कमी असणे. अमेरिकेच्या संदर्भात वंशही त्या यादीत होता. या रुग्णांच्या मनाची तपासणी केली तेव्हा तीन महिन्यांनी ४८ टक्के आणि दोन वर्षांनीही ४२ टक्के जणांत मानसिक विकाराची चिन्हे दिसली. त्यासाठी काही मदत मिळाल्याचे सांगणारे तीन महिन्यांनी १२ टक्के होते, दोन वर्षांनी २२. यावर एक रास्त शंका घेतली जाते. पाय काढायचा की ठेवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येत नाही, त्यामुळे हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्याची इजा वाईट त्याचाच आत्मविश्वास खचलेला असणार, म्हणजे कारण कोणते आणि परिणाम कोणता? आत्मविश्वासापुरती ही शंका मला मान्य आहे. पण शाळा अर्धवट सुटली ती अपघाताच्या आधी, आणि गरिबीही बहुतेकांच्या घरात आधीपासूनच होती. नडगी मोडल्याने कोणाची इयत्ता कमी होत नाही.

याचा अर्थ शस्त्रक्रिया गौण आहे, असा कोणी काढू नये. आजचा रुग्ण वाचवण्याजोगा पाय घेऊन उभा आहे तो शल्यचिकित्सकांमुळेच. गस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ साली १०२५ उघड्या फ्रॅक्चरांचा आढावा घेऊन वर्गीकरण दिले. ल्युब्लियानाच्या मार्को गोदिना यांनी जखम ७२ तासांच्या आत मांसाने झाकली तर काय फरक पडतो, हे ५३२ रुग्णांच्या नोंदींतून दाखवले. ते छापून आले १९८६ मध्ये. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली कातडी, हाड आणि स्नायू-नसा यांना वेगवेगळे गुण देणारी पद्धत मांडली. रक्तवाहिनी शाबूत आहे पण बाकी सगळे फाटले आहे, अशा रस्ते-अपघाताच्या पायांना ती परदेशी पद्धतीपेक्षा जास्त लागू पडते. पण या पायावर पुढचे मजले चढवताना मिळणारी भर आता लहान होत चालली आहे. भारतातल्या केंद्रांचाही सहभाग असलेल्या ‘फ्लो’ या २०१५ च्या चाचणीत जखम धुण्याचा दाब कमी-जास्त करून फरक पडला नाही. साबणाच्या द्रावणापेक्षा साधे सलाइन सरस ठरले. ब्रिटनमध्ये २०१८ साली ४६० रुग्णांवर, उघड्या फ्रॅक्चरला हवा खेचून घेणारे महागडे ड्रेसिंग लावावे की नेहमीचे, हे पाहिले गेले. एका वर्षानंतर शंभरपैकी अपंगत्वाचे गुण होते अनुक्रमे ४५.५ आणि ४२.४. दोन ड्रेसिंगांत फरक नाही, ही बातमी झाली. मला त्यातली दुसरी बाब जास्त बोचते. जगातल्या चांगल्या रुग्णालयांत उपचार घेऊनही, वर्ष उलटल्यावर दोन्ही गटांतली माणसे अपंगत्वाच्या अर्ध्या वाटेवरच उभी होती.

पाय काढला काय, वाचवला काय, फरक थोडाच, या मांडणीला सैनिकांच्या अभ्यासातून आव्हान मिळाले. इराक आणि अफगाणिस्तानात जखमी झालेल्या ३२४ अमेरिकी सैनिकांच्या २०१३ च्या पाहणीत पाय काढलेले सैनिक पाय वाचवलेल्यांपेक्षा चांगले चालत-फिरत होते. तर मग वेळेवर पाय काढणेच शहाणपणाचे, असे काहींना वाटू लागले. पण पाय गमावलेल्या सैनिकासाठी तिथे उत्तम कृत्रिम पाय, रोजचा व्यायाम, सोबतीला तशाच अवस्थेतले साथी, अशी सगळी फळी तयार होती. वाचवलेला पाय घेऊन फिरणाऱ्याला तसे काही नव्हते. ही पोकळी भरण्यासाठी सॅन अँटोनिओच्या लष्करी केंद्रात कार्बन फायबरचा एक आधार आणि आठ आठवड्यांचा व्यायामक्रम आखण्यात आला. क्रम सुरू होताना आपला दुखरा पाय कापून टाकावा असा विचार करणारे ५० जण होते. आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या ४१ जणांनी पाय ठेवण्याकडे कौल दिला. शस्त्रक्रिया तीच, हाडे तीच. बदलले ते नंतरचे.

हे सगळे परदेशातले, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे प्रश्न याहून बिकट आहे, कारण आपले जगणे जमिनीलगतचे आहे. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलात अनवाणी उतरणे, हे परदेशी बनावटीच्या ताठ पावलाला जमत नव्हते. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाअखेर जे पाऊल घडवले, ते याच गरजेतून. पुढे आणि टाचेला स्पंज रबर, घोट्याला लाकडाचा ठोकळा, वरून पायाच्या रंगाचे रबर चढवून भट्टीत पक्के केलेले. ते घोट्यात सगळ्या दिशांना थोडेथोडे वळते, म्हणून शेताच्या बांधावर तोल सांभाळते आणि बूट मागत नाही. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जयपूरच्याच एका समितीने पुढे लाखो लोकांपर्यंत हा पाय मोफत नेला, हे काम फार मोठे आहे. तरीही २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह काही देशांतल्या पाहण्यांत या पद्धतीच्या पायांबद्दल तक्रारी नोंदल्या गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच सॉकेट नीट न बसण्याच्या होत्या. सॉकेट म्हणजे उरलेला खुंट ज्यात शिरतो तो पेला. पाय काढल्यावर खुंटाची सूज उतरते, स्नायू आक्रसतात, आणि पहिल्या वर्षात त्याचा आकार बदलतच राहतो. आज घट्ट बसलेला पेला काही महिन्यांत सैल होतो, माणूस आत एकावर एक मोजे चढवतो, हाडाच्या टोकाशी कातडी घासून जखम होते, आणि पाय माळ्यावर जातो. दोष पावलाचा नसतो. फेरमाप घ्यायला कोणी नसते, हा असतो.

स्वस्तात काय करता येते, याची दोन उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात. पाय गेल्यावरही त्या नसलेल्या पायात कळा मारतात. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात सुचवलेला उपाय म्हणजे साधा आरसा: शाबूत पायाचे प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल असा तो उभा ठेवायचा आणि पाय हलवायचा. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयातली २००७ ची चाचणी छोटी होती, १८ जणांनीच ती पूर्ण केली. पण आरशाच्या गटातल्या सहाही जणांच्या वेदना कमी झाल्या, झाकलेल्या आरशाच्या गटात एकाच्याच. दुसरे उदाहरण मधुमेहाच्या पायाचे, आणि पाय काढण्याची वेळ आज अपघाताइतकीच मधुमेहाने येते. बधिर तळव्यावरची जखम भरत नाही, कारण दुखत नसल्याने माणूस तिच्यावर चालत राहतो. वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करताना पॉल ब्रँड यांना हे उमगले होते. २००१ साली डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनी ६३ रुग्णांत तुलना केली. पूर्ण पायाला चिकटून बसणाऱ्या प्लास्टरने बारा आठवड्यांत ८९.५ टक्के जखमा भरल्या, काढता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के. पुढे कळले की काढता येणारा बूट माणसे दिवसभरातल्या फक्त २८ टक्के हालचालींच्या वेळी घालत होती. घरात दोन पावले चालायला कोण बूट घालतो? उपचार रुग्णालयात लिहून दिला होता, हरला तो घराच्या ओसरीवर.

खर्चाचा आक्षेप उरतो. जिथे वेळेवर शस्त्रक्रिया मिळायची मारामार, तिथे पुनर्वसनाची चैन कुठून करायची? याचे उत्तर हिशेबातच आहे. लीपच्या रुग्णांचा आयुष्यभराचा खर्च मांडला, तेव्हा पाय काढलेल्या माणसावरचा खर्च पाय वाचवलेल्याच्या तिपटीहून जास्त निघाला: ५ लाख ९ हजार डॉलर, त्याच्यासमोर १ लाख ६३ हजार. फरक प्रामुख्याने कृत्रिम पाय पुन्हा पुन्हा बदलण्याचा. पाय काढला म्हणजे खर्च संपला, हा समज खोटा आहे. खर्च तिथे सुरू होतो, आणि सरकार तो उचलत नसेल तर कुटुंब उचलते किंवा माणूस घरात बसतो. महाराष्ट्राकडे या कामाची परंपरा आहे. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून उभे आहे, मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या शेतमजुराने सॉकेट सैल झाले म्हणून दर काही महिन्यांनी मजुरी बुडवून पुण्या-मुंबईला यावे, ही अपेक्षा बरोबर नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सॉकेटचे माप घेणारा एक तंत्रज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट आणि आठवड्यातून एक दिवस मनाच्या दुखण्याचे ऐकणारा कोणीतरी हवा. आपल्या गावात कृत्रिम पायांचे शिबिर भरेल आणि कोणी पावतीपुस्तक घेऊन दारी येईल, तेव्हा देणगी जरूर द्या. देताना एवढे विचारा: सहा महिन्यांनी हा पाय सैल झाला, तर या माणसाने कोणाकडे यायचे?