माळ्यावरचा खेळ आणि माहेरची ओढ

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात आमच्या राजूरच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि एक मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, माझा लेक रुसलाय. चाळिशीला आलेला बाप्या माणूस! आणि कशावरून, तर माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम मी भंगारवाल्याला दिला म्हणून." सगळ्या हसल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत. दिवाळीला चाकणहून आलेला लेक दोन दिवस धड बोलला नव्हता, ते त्यांना लागलं होतं.

एवढं काय होतं त्या डब्यात? तेच आज समजून घेऊ.

जपानमधल्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र काढलं. १९८५ साली त्यावर सुपर मारिओचा खेळ आला. तोच तो मिशीवाला, उड्या मारत नाणी गोळा करणारा. नव्वदच्या दशकात या यंत्राच्या स्वस्त नकला आपल्याकडच्या बाजारात आल्या. वरून कॅसेट खोचायची, टीव्ही लावायचा, की खेळ सुरू. काही खेळ दोघांनी मिळून खेळायचे असत, म्हणून भाऊ-भाऊ, शेजारची पोरं मांडीला मांडी लावून बसायची. बहुतेक कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की सगळं पहिल्यापासून! आणि आपल्याकडे वीज किती वेळा जायची ते मी सांगायला नको.

त्याच काळात, १९९३ साली, दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा. ती मालिकाही जपानमध्येच बनलेली, १९८९ ची, बावन्न भागांची. गंमत बघा. मूळ गोष्ट लिहिली मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने, जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीकडचं, चित्रं काढली जपानी कलाकारांनी, आणि हिंदीत शेरखान वाघाला आवाज दिला आपल्या नाना पाटेकरांनी. गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, बाकीचे खालून ओरडायचे, "आलं, आलं! गेलं, गेलं!" एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने मोगली पुन्हा दाखवला, तेव्हा लेकरांपेक्षा त्यांचे आईबापच पुढे सरकून बसले होते.

हे असं का होतं? १६८८ साली योहानेस होफर नावाच्या डॉक्टरने घरापासून लांब राहणाऱ्या, गावाच्या आठवणीने झुरणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं. त्याने त्याला आजार ठरवून नाव दिलं, नॉस्टॅल्जिया. आपल्याला त्यासाठी परका शब्द कशाला? त्याला आपण माहेरची ओढ म्हणतो. जात्यावरच्या ओव्यांत दुसरं काय आहे? आता अभ्यासक त्याला आजार मानत नाहीत. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात जास्त ठळक राहतात. एकटं वाटलं की ही ओढ वाढते, आणि आठवण काढली की आपलं कुणीतरी आहे असा धीर येतो. चाकणला एका खोलीत राहून पाळी करणाऱ्या लेकाचं बालपण हेच त्याचं माहेर आहे. आपल्याला सणाला एसटीत बसून माहेरी जाता येतं. त्याला त्या माहेरी न्यायला एसटी नाही, एक डबा होता.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा मावशींची लेकही बैठकीला आली होती. ती म्हणाली, "आई, दादाला खेळ आठवतो. मला दाराशी उभं राहून बघितलेला खेळ आठवतो. माझी पाळी यायची तेव्हा तू पाण्याला पाठवायचीस." कुणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "मोगली मात्र माझा होता. तो बघायला पाळी लागत नव्हती." मैत्रिणींनो, त्या खोलीतल्या बहुतेकींनी मान हलवली. जे मिळालं त्याची ओढ असते, तशी जे हातात आलंच नाही त्याचीही असते.

म्हणून दोन-तीन गोष्टी सांगते. मुलांची जुनी वस्तू विकण्याआधी एक फोन करा. यंत्र बिघडलंय असं लगेच ठरवू नका. बदकं मारायची खेळातली बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही, कारण ती जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीसाठीच बनलेली आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा ठिपका येतो, आणि बंदुकीच्या तोंडातला डोळा तो उजेड ओळखतो. कॅसेट चालेना तर आत फुंकर मारू नका. तोंडाच्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. कोरड्या सुती कापडाने पुसा. आणि जुना टीव्ही टाकायचाच असेल तर लेकरांना फोडू देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं. तांब्यासाठी वायरी जाळू नका, तो धूर विषारी असतो.

मावशींचं पुढे काय झालं? डबा काही परत मिळाला नाही. पण त्यांनी लेकाला फोन केला आणि विचारलं, "बाळा, त्यात तू काय खेळायचास रे?" तो अर्धा तास बोलत होता. मग मावशींनी फोन लेकीकडे दिला.

आज संध्याकाळी तुमच्या घरातही विचारून बघा. आणि मुलीला आधी विचारा. नमस्कार.