मालमोटार अपघात नुकसानभरपाई

मालमोटारीच्या वापरातून घडलेल्या अपघातात इजा झालेल्या व्यक्तीला, अथवा मृत व्यक्तीच्या वारसांना व अवलंबितांना, वाहनाचा चालक, मालक व विमा कंपनी यांजकडून विधीनुसार मिळणारी रक्कम. चालकावरील फौजदारी खटला व भरपाईचा दावा या दोन स्वतंत्र कार्यवाही होत. खटल्यात अपराध निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर दाव्यात कोणत्या बाजूचे म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढेच पाहतात. त्यामुळे चालक खटल्यातून सुटला, तरी दावा संपुष्टात येत नाही.

भारतात प्रारंभी असे दावे १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली दिवाणी न्यायालयात चालत. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी विमा सक्तीचा करण्याची तरतूद होती. ती १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने अल्प शुल्कात व जलद निर्णय देणारी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापण्याची सोय झाली. तथापि चालकाची हयगय सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच राहिला. मुंबईतील मालमोटार अपघाताच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हेच तत्त्व कायम केले. अवजड वाहनाच्या धडकेत प्रत्यक्ष पाहणारा पुष्कळदा जिवंत उरत नाही. ही अडचण ध्यानी घेऊन १९८२ मध्ये कलम ९२-अ अन्वये दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० रु. व कायम अपंगत्वाबद्दल ७,५०० रु. देण्याची तरतूद झाली.

या कलमाची व्याप्ती सातारा जिल्ह्यातील एका दुर्घटनेने ठरविली. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे कवठे गावाजवळ महामार्गावर पेट्रोलवाहू टँकर व मालमोटार यांची टक्कर होऊन टँकर उलटला. काही तासांनी, गळणारे पेट्रोल गोळा करण्यास जमलेल्या लोकांत स्फोट होऊन अनेक जण भाजले व त्यांपैकी काही मरण पावले. टँकर त्या वेळी स्थिर असल्याने तो वापरात नव्हता, असा बचाव करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो अमान्य केला व वाहन बंद पडून उभे असले, तरी ‘वापर’ चालूच असतो, असा निर्णय दिला.

सध्या १९८८ चा अधिनियम लागू आहे. त्याच्या २०१९ मधील दुरुस्तीतील भरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आल्या. कलम १६४ प्रमाणे दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल २.५ लाख रु. मिळतात. कलम १६६ खाली हयगय सिद्ध केल्यास प्रत्यक्ष हानीइतकी भरपाई मिळते. मात्र कलम १६४ ची रक्कम विहित रीतीने स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील अर्ज रद्द होतो. म्हणून निवड विचारपूर्वक करावी लागते. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध न लागल्यास शासकीय योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रु. दिले जातात.

अर्ज अपघातस्थळाच्या, दावेदाराच्या निवासाच्या किंवा प्रतिवादीच्या निवासाच्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडे करता येतो. रत्नागिरी–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील मंगळवेढा (जि. सोलापूर) यासारख्या तालुक्यात या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे. तेथील मजूर ऊसतोडीस कर्नाटकात गेला असता मालमोटारीखाली सापडला, तरी त्याच्या कुटुंबाला परराज्यात खेटे घालण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातच दावा करता येतो. अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत पुन्हा घालण्यात आली. तिला आव्हान दिले गेले असता, केवळ मुदतीच्या कारणास्तव अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. पहिली खबर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल वा वैद्यकीय कागद, वाहनाचे विमापत्र व चालकाचा परवाना हा मुख्य पुरावा होय. पोलिसांनीही तीन महिन्यांत न्यायाधिकरणास अपघात-माहितीचा अहवाल द्यावयाचा असतो.

मालमोटारीत बसलेल्यांची स्थिती निराळी असते. ज्वारीची पोती घेऊन बाजारास निघालेला मंगळवेढ्याचा शेतकरी मालाचा धनी म्हणून विम्याच्या संरक्षणात येतो (१९९४ ची दुरुस्ती). त्याच मोटारीत सोबतीला चढलेला शेजारी मात्र त्या संरक्षणाबाहेर राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरविले. त्याच्या कुटुंबाला भरपाई मालकाकडूनच वसूल करावी लागते व मालक निर्धन असल्यास निवाडा कागदावरच राहण्याचा संभव असतो.

रकमेची गणना सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निर्णयांनुसार होते. उदा., मृत मजूर ३५ वर्षांचा असून त्याची मासिक मिळकत १०,००० रु. व अवलंबित चार आहेत असे मानू. वार्षिक १,२०,००० रुपयांत भावी वाढीचे ४० टक्के मिळवून १,६८,००० रु. होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा जाता १,२६,००० रु. उरतात. वयानुसार ठरलेल्या १६ या गुणकाने गुणता २०,१६,००० रु. येतात. अंत्यविधी, सहवासहानी इ. रकमा याखेरीज मिळतात. मिळकत ८,००० रु. च धरली, तर हीच रक्कम १६,१२,८०० रु. होते. म्हणजे महिना २,००० रुपयांचा पुरावा नसल्याने कुटुंबाचे ४,०३,२०० रुपयांचे नुकसान होते. रोजंदारीची पावती नसते व शेतीचा हिशेब कोणी लिहून ठेवीत नाही. त्यामुळे मुकादम, दुकानदार वा शेजारी यांची साक्ष, बँकेचे पुस्तक व सातबारा उतारा यांना मोल येते. गृहिणीच्या घरकामालाही मूल्य आहे, हे न्यायालयांनी मान्य केले असून तिच्या मृत्यूबद्दल अनुमानित मिळकतीवर भरपाई देतात.

न्यायाधिकरण रकमेवर व्याज देऊ शकते आणि अज्ञान वारसांचा वाटा सामान्यतः बँकेत मुदत ठेवीत ठेवविते. निवाड्याविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. उभय पक्षांची संमती असल्यास दावा लोक अदालतीतही मिटविता येतो. दोषाच्या शोधाकडून कुटुंबाच्या गरजेकडे असा या विधीचा प्रवास झालेला असला, तरी भरपाईचे प्रमाण अद्यापि मिळकतीच्या पुराव्यावरच अवलंबून आहे. ज्यांच्यापाशी कागद कमी, त्यांना हा दावा सर्वाधिक अवघड जातो.