खाणीतले नाट्यगृह, चौकातला रंगमंच

आधी नाट्यगृह बांधावे आणि मग उत्सव भरवावा, ही जगाची रीत. मोझार्टच्या जन्मगावाने, ऑस्ट्रियातील साल्झबुर्गने, ती उलटी केली. पहिल्या महायुद्धाने साम्राज्य मोडले होते, अन्नाचीही टंचाई होती. तशा दिवसांत, २२ ऑगस्ट १९२० रोजी, माक्स राइनहार्ट या दिग्दर्शकाने कॅथीड्रलसमोरच्या उघड्या चौकात हॉफमान्स्थालचे ‘येडरमान’ नाटक उभे केले. एका धनिकास मृत्यू न्यावयास येतो, एवढीच कथा; पण त्याच्या नावाची हाक चर्चच्या मनोऱ्यांवरून आणि डोंगरावरील किल्ल्यावरून येते! तिन्हीसांजेचा प्रकाश व घंटानाद हेच नेपथ्य. पाऊस आला की प्रयोग नाट्यगृहात हलवितात. आमच्या मते तेव्हा निम्मे नाटक चौकातच राहून जाते.

१९३८ साली नाझींनी हे नाटक बंद केले. ज्यू असल्यामुळे राइनहार्ट परागंदा झाले आणि १९४३ साली न्यूयॉर्क येथे निवर्तले. १९४६ साली ‘येडरमान’ त्याच चौकात परतले. त्याला तेथे आणणारा मात्र परतला नाही.

दुसरे स्थळ याहून नवलाचे. कॅथीड्रलसाठी ज्या खाणीतून दगड काढला, तेथेच आर्चबिशपांनी १६९३ साली उन्हाळी अश्वशाळा करविली. डोंगराच्या कड्यात तीन मजल्यांत ९६ कमानी कोरल्या. त्यांत बसून लोक घोड्यांची कसरत पाहत. १९२६ साली राइनहार्टनी तेथे नाटक आणले आणि बैठक फिरली: प्रेक्षक खाली आले, कमानी नटांच्या पाठीशी गेल्या. १९४८ साली कारायान यांनी ग्लुकचा ‘ऑर्फेउस’ हा ऑपेरा तेथे सादर केला. पाताळात उतरणाऱ्या गायकाच्या कथेला याहून साजेशी जागा कोणती? आता वर सरकते छप्पर आहे. कडा तोच आहे.

शेजारचे मोठे नाट्यगृह २६ जुलै १९६० रोजी उघडले. वास्तुकार होल्त्समाइस्टर यांनी त्यासाठी सुमारे ५५,००० घनमीटर खडक फोडविला. दर्शनी बाजूस मात्र जुन्या तबेल्याची भिंत राखली. रंगमंच शंभर मीटर रुंद! सोय उत्तम खरी, पण एवढ्या विस्तारात एकटा गायक हरवतो की काय, अशी शंका आमच्या मनात येतेच. हिवाळी अश्वशाळेचे १९२५ साली नाट्यगृह झाले होते. २००६ साली, मोझार्टच्या जन्मास २५० वर्षे झाली तेव्हा, ते नव्या रूपात ‘मोझार्टगृह’ झाले.

तानसेनाच्या समाधीपाशी बसून गाणे ऐकण्याचे मोल आमच्या ग्वाल्हेरकर वाचकांस निराळे सांगावयास नको. साल्झबुर्गचे तसे स्थान म्हणजे सेंट पीटर मठाचे चर्च. २६ ऑक्टोबर १७८३ रोजी मोझार्टची सी मायनरमधील ‘मास’ ही प्रार्थनारचना तेथे प्रथम गायिली गेली. गाणाऱ्यांत त्याची पत्नी कॉन्स्टान्झ होती. रचना अपुरीच राहिली. उत्सवात ती त्याच चर्चमध्ये ऐकविण्याचा प्रघात आहे.