आकडा येतो कुठून?

नव्वदच्या दशकातल्या वेबसाइट ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पानाच्या तळाशी बसवलेलं ते काउंटर आठवत असेल. काळ्या पट्टीवर आकडे, आणि वर ‘आपण अमुकतमुकावे पाहुणे’ असं काहीतरी. कंपन्या तेव्हा आपली लोकप्रियता ‘हिट्स’मध्ये सांगायच्या. हिट म्हणजे सर्व्हरकडे आलेली एक मागणी. पानावर वीस चित्रं असतील तर एका माणसाने ते एकदा उघडलं की एकवीस हिट्स पडायच्या : एक पानाची, वीस चित्रांच्या. लोकप्रियता वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पानावर आणखी चार चित्रं डकवणं. आकडा खोटा नव्हता, पण तो माणसं मोजत नव्हता.

हिट्स गेल्या, त्यांच्या जागी यूजर्स, सेशन्स, एंगेजमेंट रेट, कन्व्हर्जन्स आले. डॅशबोर्ड देखणे झाले. वेब अ‍ॅनालिटिक्स शिकवणाऱ्या क्लासेसची जाहिरात आता पुण्यातल्या प्रत्येक दुसऱ्या रिक्षाच्या पाठीवर दिसेल की काय अशी परिस्थिती आहे. या क्लासेसमध्ये टूल्स शिकवतात आणि ते ठीकच आहे. टूल महिना-दोन महिन्यांत हाताला येतं. समोरचा आकडा कोणत्या नियमाने तयार झाला, हे विचारायची सवय लागायला मात्र वर्षं जातात, आणि नोकरीत खरे पैसे त्या सवयीचे मिळतात असं माझं मत आहे.

आधी यंत्रणा थोडक्यात. सुरुवातीला सगळा हिशेब सर्व्हरच्या लॉग फाइलीतून व्हायचा. कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाइल मागितली आणि ती मिळाली की नाही, याची एकेक ओळ. मग पानातच जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा बसवायची पद्धत आली. पान उघडलं की तो तुकडा मोजणाऱ्या कंपनीला निरोप धाडतो आणि ब्राउझरमध्ये कुकी ठेवून ‘हाच तो’ अशी खूण करतो. सॅन डिएगोची अर्चिन नावाची कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट वाटायला सुरुवात केली. लिंकच्या शेपटाला आपण आजही जे ‘यूटीएम’ (भेट कुठून आली ते सांगणारी खूण) जोडतो, त्यातला ‘यू’ त्या अर्चिनचा. २०१२ मध्ये गूगल टॅग मॅनेजर आला, त्यामुळे अशा प्रत्येक तुकड्यासाठी, म्हणजे टॅगसाठी, प्रोग्रामरच्या मागे लागायची गरज कमी झाली. २०२० मध्ये गूगल अ‍ॅनालिटिक्सची नवी आवृत्ती जीए ४ आली आणि १ जुलै २०२३ पासून जुन्या आवृत्तीच्या साध्या खात्यांत नवा डेटा जमा होणं थांबलं.

त्या जुलैमध्ये अनेक कार्यालयांत गंमत झाली. जुन्या आवृत्तीत ‘बाउन्स’ म्हणजे एकच पान पाहून, दुसरं काहीही न करता गेलेला माणूस. मग तो त्या एका पानावर वीस मिनिटं लेख वाचत का बसलेला असेना. नव्या आवृत्तीत भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा मालकाने महत्त्वाची ठरवलेली कृती घडली, तर ती ‘एंगेज्ड’. उरलेल्या भेटी बाउन्स. म्हणजे वेबसाइट तीच, वाचक तेच, आणि बाउन्स रेट मात्र एकदम खाली. ज्यांनी त्यावर ‘आमच्या नव्या डिझाइनचा परिणाम’ अशी स्लाइड केली असेल, त्यांचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक.

एक उदाहरण घेऊन आत शिरू. समजा, रत्नागिरीचा एक बागायतदार आपला हापूस थेट वेबसाइटवरून विकतो. मार्च ते मे हा त्याचा हंगाम. त्याने तुम्हाला बोलावून विचारलं, ‘‘भाऊ, जाहिरातीवर पैसे घालतोय, पण पेट्या नक्की कुठून खपतायत?’’ साधा प्रश्न. आता पाणी कुठे कुठे मुरतं बघा.

रिपोर्टमध्ये सगळ्यात मोठा रकाना ‘डायरेक्ट’चा निघतो. त्याचा वरवरचा अर्थ, लोकांनी पत्ता टाइप करून साइट उघडली. पण आपल्याकडे आंब्याची लिंक फिरते ती सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या, भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिथून दाबलेल्या लिंकबरोबर ‘मी कुठून आलो’ ही माहिती बऱ्याचदा येतच नाही, आणि यंत्र ती भेट डायरेक्टमध्ये टाकून मोकळं होतं. अलेक्सिस मॅड्रिगल या अमेरिकन पत्रकाराने २०१२ मध्ये अशा न दिसणाऱ्या वाटेला ‘डार्क सोशल’ म्हटलं होतं. उपाय एवढाच की आपण पाठवतो त्या प्रत्येक लिंकला यूटीएम लावायचं. तिथेही शिस्त हवी. एकाने व्हॉट्सअ‍ॅपचं स्पेलिंग कॅपिटल डब्ल्यूने लिहिलं आणि दुसऱ्याने स्मॉलने, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे स्रोत. म्हणून नावांचा एक साधा तक्ता करून भिंतीवर चिकटवणं हे या धंद्यातलं अतिशय मोलाचं आणि अतिशय कंटाळवाणं काम आहे.

पुढे पैसे भरायची पायरी. ग्राहक पेमेंट गेटवेच्या पानावर जातो आणि परत येतो. गेटवेचा पत्ता ‘हा स्रोत धरू नका’ या यादीत घातलेला नसेल, तर विक्रीचं श्रेय जाहिरातीऐवजी गेटवेच्या नावावर जाऊ शकतं. यूपीआयने पैसे देणारा तर मोबाइलवर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो, टिंग वाजलं की फोन खिशात घालतो. ‘धन्यवाद’च्या पानावर तो परततच नाही. खरेदीची नोंद त्या पानावर होत असेल, तर पैसे बँकेत आले, पेटी रवाना झाली आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये विक्री शून्य. उलट, कोणी धन्यवादचं पान चार वेळा उघडलं आणि नोंदीबरोबर ऑर्डरचा क्रमांक पाठवलेला नसेल, तर एकाच पेटीच्या चार विक्री. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी ऑर्डरची वही, बँकेचं स्टेटमेंट आणि अ‍ॅनालिटिक्स शेजारी शेजारी ठेवावं. तिन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. फरक किती आणि का, हे सांगता आलं की काम झालं.

माणसं मोजण्याचंही असंच. ‘यूजर’ म्हणजे व्यवहारात एक ब्राउझर. घरातला एकच फोन तिघे वापरत असतील तर तिघांचा एक यूजर, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दर बघून रात्री फोनवर ऑर्डर देणाऱ्या एका माणसाचे दोन. अ‍ॅपलच्या सफारीमध्ये जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी २०१९ पासून सात दिवसांवर टिकत नाही. म्हणजे आयफोनवाला ग्राहक नवव्या दिवशी परत आला तर तो कोरा करकरीत नवा.

आता मला सगळ्यात आवडणारी अडचण. बागायतदार म्हणतो, ‘‘गेल्या वर्षीच्या मानाने यंदा कसं चाललंय?’’ टूलमध्ये ‘मागील वर्षाशी तुलना’ असं बटण असतं. ते दाबलं की २०२४ चा एप्रिल २०२३ च्या एप्रिलशेजारी उभा राहतो. पण अक्षय्य तृतीया २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये १० मेला आणि २०२५ मध्ये ३० एप्रिलला. पाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला. मध्ये अधिक श्रावण येऊन गेला होता. आंब्याची मागणी ज्या दिवशी उसळते तो दिवसच अडीच आठवडे पुढे सरकला, तर तारखेला तारीख लावून काढलेली टक्केवारी घ्यायची कशाला? अक्षय्य तृतीयेच्या आधीचे पंधरा दिवस शोधून ते एकमेकांशी ताडायला हवेत. हे कॅलिफोर्नियात बनलेलं सॉफ्टवेअर सांगणार नाही, भिंतीवरचं कालनिर्णय सांगेल. ज्या धंद्याचे आकडे वाचायचे तो धंदा माहीत असणं हे कौशल्य नोकरीच्या जाहिरातीत क्वचित लिहिलेलं असतं.

भाषेचंही तसंच. तोच ग्राहक गूगलवर ‘हापूस आंबा’ देवनागरीत शोधतो, रोमन लिपीत तोच शब्द तीन-चार स्पेलिंगांनी लिहितो, किंवा सरळ अल्फान्सो म्हणतो. गूगलचंच सर्च कन्सोल हे सगळे शब्द सुटेसुटे दाखवतं. ते एका मुठीत धरायला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे रेजेक्स लिहिता यावं लागतं. दिसायला मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं, पण चार दिवस सराव केला तर आयुष्यभर उपयोगी. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचाच डेटा ठेवतं, तेव्हा दोन हंगामांची तुलना करायची असेल तर तो वेळेवर उतरवून ठेवायची जबाबदारी आपली.

टूल्सची यादी खरं तर लांब नाही. जीए ४, टॅग मॅनेजर, सर्च कन्सोल. लोक पानावर कुठे अडखळतात हे डोळ्यांनी बघायला मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी, तेही फुकट. डेटा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचा असेल तर माटोमो, जे २०१८ पर्यंत पिविक नावाने ओळखलं जायचं. मोठ्या कंपन्यांत अडोबी भेटेल. त्यांनी २००९ मध्ये १८० कोटी डॉलरला ऑम्निचर विकत घेऊन या धंद्यात पाय ठेवला. एक्सेलला नाक मुरडू नये, कारण पिव्हट टेबल नीट येणारा माणूस अर्धी लढाई तिथेच जिंकतो. आणि एसक्यूएल हवंच. जीए ४ मधला कच्चा डेटा बिगक्वेरी या गूगलच्या डेटाबेसमध्ये घेता येतो. तिथे एकेक इव्हेंट एकेका ओळीत दिसतो आणि रिपोर्टने आपल्यासाठी परस्पर काय काय ठरवून टाकलं होतं ते उघड होतं.

संख्याशास्त्राची भीती वाटणाऱ्यांनी एक हिशेब तेवढा पाहून ठेवावा. शंभर लोकांनी हिरवं बटण पाहिलं, दोघांनी खरेदी केली. शंभरांनी केशरी पाहिलं, चौघांनी केली. विक्री दुप्पट! प्रत्यक्षात एवढा फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो. खरेदीचं प्रमाण दोन टक्क्यांवरून २.४ टक्के झालं का, हे रूढ कसोटीवर खात्रीने सांगायचं तर प्रत्येक बाजूला सुमारे एकवीस हजार माणसं लागतात. आपल्या बागायतदाराच्या साइटवर पूर्ण हंगामात तेवढे लोक येत नसतील, तर बटणाच्या रंगाचा प्रयोग सोडून पाच ग्राहकांना फोन लावलेला बरा.

जिथे माणसं भरपूर असतात तिथे प्रयोग कसा दिसतो याचा नमुना ओबामांच्या प्रचारातला. डिसेंबर २००७ मध्ये डॅन सिरोकर यांच्या गटाने नावनोंदणीच्या पानावर चार बटणं आणि सहा चित्रं-व्हिडिओ यांच्या चोवीस जोड्या करून ३,१०,३८२ लोकांना वाटून दाखवल्या. प्रचारातल्या मंडळींचा जीव एका व्हिडिओवर होता. निकाल आला तेव्हा सगळेच व्हिडिओ सगळ्या फोटोंच्या मागे होते. ओबामांचा कुटुंबासोबतचा फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ अशा अर्थाचं बटण, ही जोडी जिंकली. नोंदणीचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. ही वाढ ४०.६ टक्के म्हणूनही सांगता येते आणि ३.३ टक्के अंकांची म्हणूनही. दोन्ही बरोबर. मीटिंगमध्ये कोण कोणती सांगतो त्यावरून त्याचा हेतू ओळखावा.

मीटिंग हे या कामातलं खरं रणांगण. मूळचे भारतीय असलेले अविनाश कौशिक यांनी या विषयावरचं आपलं पहिलं पुस्तक २००७ मध्ये लिहिलं. अ‍ॅनालिटिक्सवर शंभर खर्चायचे असतील तर दहा टूलवर घाला आणि नव्वद ते वापरणाऱ्या माणसांवर, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे प्रमाण बहुधा उलटं असतं आणि मग चाळीस तक्त्यांचा डॅशबोर्ड दर सोमवारी कोणीही न उघडता इनबॉक्समध्ये पडून राहतो. रिपोर्टच्या वरच्या दोन ओळींत ‘या आठवड्यात हे बदला, कारण हे’ असं साध्या मराठीत लिहिता येणारा विश्लेषक मला दहा चार्टवाल्यापेक्षा भारी वाटतो. तसं लिहायला धाडसही लागतं, कारण ते चुकलं तर दिसतं.

कायद्याची बाजू आता टाळता येणार नाही. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या नियामकाने एका साइटवरचा गूगल अ‍ॅनालिटिक्सचा वापर, डेटा अमेरिकेत जातो म्हणून, नियमबाह्य ठरवला. भारतात २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. वकिली बाजूला ठेवू, पण एक गळती रोज तपासण्यासारखी आहे. ऑर्डरचा फॉर्म चुकीच्या पद्धतीने बांधला असेल तर ग्राहकाचा फोन नंबर पुढच्या पानाच्या पत्त्यातच उमटतो, आणि पानाचा पत्ता अ‍ॅनालिटिक्सला जातो. ओळख पटेल अशी माहिती पाठवायला गूगलच्याच अटींनी मनाई आहे.

शिकायचं असेल तर पैसे भरण्याआधी फुकटचं संपवावं. गूगल आपल्या स्वतःच्या मर्चंडाइझ स्टोअरचं डेमो खातं कोणालाही पाहू देतं. त्याच दुकानाचा १ नोव्हेंबर २०२० ते ३१ जानेवारी २०२१ असा तीन महिन्यांचा कच्चा डेटा बिगक्वेरीत उघडा ठेवलेला आहे, आणि बिगक्वेरीच्या सँडबॉक्समध्ये कार्डचा नंबर न देता काम करता येतं. किती जणांनी वस्तू टोपलीत टाकली, त्यातले किती पैसे भरेपर्यंत पोहोचले, आणि मोबाइलवाले कुठे गळले, एवढं शोधून पाहावं. डेटा मुद्दाम धूसर केलेला आहे. काही रकाने रिकामे, काहींवर ‘इतर’चा शिक्का, काही ठिकाणी ‘डेटा काढून टाकला’ अशी नोंद. त्या ओळी धरायच्या की गाळायच्या, हे आधी ठरवून एका कागदावर लिहून ठेवावं आणि मगच पहिली क्वेरी चालवावी.